वाट पाहणाऱ्या बाबांचा ट्रायपॉड

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. तुमच्यात तीन वर्षांच्या माणसाला स्वतःचं नाक पुसता येत नाही, पण आमच्या जातीत तीन वर्षं म्हणजे पिकलं पान. मला तीन पाय आहेत. त्यांतला एक मोडका असून तो चष्म्याच्या दोन बारीक स्क्रूंवर आणि जखमेला लावायच्या चिकटपट्टीवर उभा आहे. डोक्याच्या जागी मला एक पकड आहे आणि त्या पकडीत फोन बसवतात. थोडक्यात, मला स्वतःचं डोकं नाही. ज्याचा फोन, त्याचं डोकं. हे मी कमीपणा वाटून सांगत नाही. असे पुष्कळ जण आहेत, आणि त्यांना तर दोनच पाय आहेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे दिवसाला आम्ही चार हजार भावंडं जन्माला येत असू, त्यामुळे कोणाचंच फारसं कौतुक झालं नाही. मला ज्या खोक्यात घातलं त्यावर एका कुटुंबाचं चित्र होतं. बाबा, आई, दोन मुलं, आणि सगळ्यांचे दात एकाच मापाचे. मला वाटलं, आपण यांच्याच घरी चाललो. सगळ्याच भावंडांना तसं वाटत होतं. एका घरात चार हजार ट्रायपॉड मावणार कसे, हा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही. कारण वर दिलेलंच आहे.

मी आलो एका चष्मेवाल्यांकडे. खाली दुकान, वर घर, मधे सोळा पायऱ्या. दुकानात एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, भिंगांची एक लाकडी पेटी, आणि मागे पडद्याआड भिंगं घासायचं यंत्र. गिऱ्हाईक आलं की चष्मेवाले त्याला खुर्चीत बसवत, नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम ठेवत आणि तिच्यात एकामागून एक भिंगं सरकवत विचारत, "पहिली चांगली की दुसरी?" गिऱ्हाइकाला घाम फुटायचा. चुकीचं उत्तर दिलं तर नापास करतील असं वाटायचं. पण चष्मेवाले म्हणत, "सावकाश. तक्ता कुठे पळून जात नाही."

ते खरोखरच वाट पाहत. एकदा एक आजीबाई तिसऱ्या ओळीवर वीस मिनिटं थांबल्या. वीस मिनिटांनी कळलं की त्यांना वाचताच येत नाही. चष्मेवाल्यांनी तक्ता उलटा केला, मागच्या बाजूला कपबशी, मासा, छत्री अशी चित्रं होती, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "सावकाश," ते म्हणाले. "मासा कुठे पळून जात नाही."

त्यांना नऊ वर्षांची एक मुलगी होती. घरात तिला भिंगरी म्हणत. भिंगरीचे शब्द कधीकधी दारात अडकायचे. पहिलं अक्षर बाहेर यायचं आणि उरलेला शब्द आत राहायचा; जसं बसमधून एकट्याने उतरावं आणि बाकीचं कुटुंब आतच राहून बस सुटावी. तिची आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. एका टोचण्यात काम संपवायचं, ही तिची सवय. भिंगरीचा शब्द अडकला की आई तोही चटकन ओढून काढायची.

"मला प-प-प..."

"पाणी? पेन? पट्टी?"

"तिचा शब्द आहे," चष्मेवाले म्हणत. "तिचा तिला काढू दे."

मग ते हातातलं भिंग पुसत बसायचे. शब्द येईपर्यंत पुसायचे. त्या घरात काही भिंगं अतिशय स्वच्छ होती.

इथे मला माझ्या जातीचा एक दोष सांगितला पाहिजे. फोनची पाठ माझ्याकडे असते. पडद्यावर काय चाललंय ते मला कधीच दिसत नाही. मला दिसतात फक्त समोरची माणसं, ती जशी असतील तशी. व्हिडिओच्या धंद्यात हे मोठंच व्यंग आहे.

माझं पहिलं काम होतं 'चष्मा कसा पुसावा' हा व्हिडिओ. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसणं हे पाप आहे, असा त्याचा सारांश. तो चौदा वेळा पाहिला गेला. त्यांतल्या नऊ वेळा पाहणारे स्वतः चष्मेवालेच होते.

"चौदा म्हणजे कमी नाही," शेजारचे झेरॉक्सवाले काका म्हणाले. "माझ्या दुकानात दिवसाला एवढी माणसं येत नाहीत."

"तुम्ही किती वेळा पाहिला?"

"पाचदा. गिऱ्हाईकच नव्हतं."

म्हणजे हिशेब जुळला.

दुसरा व्हिडिओ होता 'चष्म्याची दांडी कशी घट्ट करावी'. तो चालू असताना भिंगरी शाळेतून आली आणि दप्तरासकट खुर्चीत चढली. फोन बंद करायचा राहिला.

"बाबा, आज बाईंनी सांगितलं, एक पें... पें... पें..."

चष्मेवाल्यांनी दांडी खाली ठेवली आणि भिंग उचललं. भिंगरी अडकली होती. पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं. चष्मेवाले तिच्याकडे बघत होते, मान जराशी कलती, आणि भिंग पुसत होते.

"पें... पें... पेंग्विन!"

दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाहेरची स्कूटरही चालू झाली.

"पेंग्विनचा बाबा पायावर अंडं घेऊन उभा राहतो," भिंगरी म्हणाली. "दोन महिने. हलत नाही. जेवत पण नाही."

"आणि आई?"

"आई म-मासे खायला गेलेली असते."

"बरोबर आहे. कोणीतरी कामावर जायला हवंच."

हे सगळं अकरा सेकंदांचं अडकणं आणि वर थोडं हसणं, एवढंच होतं. चष्मेवाल्यांनी ते नंतर पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी तिन्ही पायांवर उभा राहून सांगतो. त्यांना वाटलं, असं थांबावं हे लोकांना कळेल. त्यांनी मुलीला विचारलंही, "टाकू का?" ती म्हणाली, "टाक." मित्रांनो, 'टाकू का' म्हणजे कुठे, हे नऊ वर्षांच्या मुलीला ठाऊक नसतं. त्रेचाळीस वर्षांच्या माणसालाही ठाऊक नव्हतं, पण त्याला विचारायला कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो व्हिडिओ तीन लाख लोकांनी पाहिला होता. चष्मेवाले लोकांचं म्हणणं मोठ्याने वाचून दाखवत. "असा बाबा प्रत्येकाला मिळो." "डोळे भरून आले." "मी माझ्या मुलावर ओरडलो होतो, आता जाऊन मिठी मारली." "मागच्या कपाटातली तपकिरी फ्रेम कितीला?"

लोकांनी त्यांचं नावच ठेवलं, वाट पाहणारा बाबा.

त्या दिवसांत माझी चैन होती. मला रोज पुसलं जायचं. पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "हाच तो." दुकानात माणसांची रीघ लागली. एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, "मला वाट पाहायला शिकायची आहे."

"याला बोलताना त्रास होतो का?"

"नाही हो, हा धडाधड बोलतो. तीच तर अडचण आहे. वाट बघू कशाची?"

चष्मेवाल्यांनी त्यांना विचारपूर्वक सल्ला दिला. त्यानंतर ते गृहस्थ मुलाला अवघड शब्द विचारू लागले, असं ऐकलं.

मग मागणी सुरू झाली. पुढचा व्हिडिओ कधी? आम्ही वाट पाहतोय. सगळेच वाट पाहू लागले होते, एक वाट पाहणारा बाबा सोडून. त्याला आता वेळ नव्हता. तो इतर बाबा पाहायचा. एक बाबा मुलीच्या तेरा प्रकारच्या वेण्या घालायचा. एक बाबा जुळ्यांना पाठीला बांधून डोंगर चढायचा. एक बाबा रोज डब्यात गाजराचे प्राणी कोरून द्यायचा, आणि त्याचा मुलगा ते प्राणी बघून दया येऊन उपाशी राहायचा. त्याचाही व्हिडिओ होता. चष्मेवाले हे सगळं बघून उदास व्हायचे.

"आपल्याकडे एवढंच आहे," ते म्हणायचे.

एवढंच म्हणजे भिंगरी.

एका दुपारी ती आली आणि एका दमात म्हणाली, "बाबा, आज बाई म्हणाल्या माझं अक्षर सुधारलंय."

कुठेच अडकलं नाही. शब्दांची बस थांब्यावर नीट थांबली आणि सगळं कुटुंब उतरलं. मी चष्मेवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कारण मला तेवढंच दिसतं. तो चेहरा पडला.

"छान," ते म्हणाले. "पुन्हा एकदा सांग."

"काय?"

"हेच. जरा सावकाश."

"सावकाशच सांगितलं."

"तसं नाही गं. म्हणजे तू नेहमी बोलतेस ना, तसं."

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मग ती म्हणाली, "बा... बा... बाबा, आ... आज..."

मी तोपर्यंत पुष्कळ अडकलेले शब्द पाहिले होते. मुद्दाम अडकवलेला तो पहिला.

"सुंदर," चष्मेवाले म्हणाले. "आता पुन्हा. आणि 'अक्षर'वर थोडी जास्त थांब." चार वेळा झाल्यावर त्यांनी तिला जवळ घेऊन व्हिडिओचे दोन तुकडे दाखवले. "पहिला चांगला की दुसरा?"

त्यानंतर त्या दुकानात मी सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द म्हणजे 'पुन्हा'. पूर्वी ते शब्दाची वाट पाहायचे; आता सेकंदांची. एखादा शब्द चार सेकंदांत सुटला की त्यांना वाईट वाटायचं. आणि खरा अडकला, म्हणजे जेव्हा फोन माझ्या पकडीत नसून त्यांच्या हातात असायचा, तेव्हा ते लोकांचं म्हणणं वाचत असायचे. भिंगरी शब्द ओढून ओढून बाहेर काढायची, आणि बाहेर कोणीच नसायचं.

गाणं आलं ते याच सुमारास. कोण्या एका माणसाने, जो भिंगरीला कधी भेटला नाही आणि भेटणार नाही, तिचं ते पहिलं 'पें पें पें' उचललं आणि खाली ढोल घातला. शेवटचा 'पेंग्विन' त्याने कापून टाकला. म्हणजे त्या गाण्यात शब्द कधी सुटतच नाही. लोक पाय जुळवून, हात अंगाला चिकटवून त्यावर डुलत डुलत चालू लागले. नवरा-नवरी डुलले. एका कचेरीतला अख्खा विभाग डुलला.

"गाणं झालं तुझं!" चष्मेवाल्यांनी भिंगरीला सांगितलं. "जगभर!"

ती पाठ फिरवून पडद्याआड गेली. ते त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण ते फोनकडे बघत होते.

आईच्या लक्षात आलं. ती कामावरून सरळ दुकानात आली, पांढरा कोट अंगावर तसाच.

"मधल्या सुट्टीत मुलं तिच्याभोवती तसं चालतात. बाईंचा फोन आला होता. आधी तुला केला त्यांनी."

"मला नाही आला."

"कसा येईल? तुझा फोन याच्या बोडक्यावर होता," आई म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मला खाली बघायचं होतं, पण माझी मान घट्ट आवळलेली होती.

"अगं, आपणच आधी हसून घेतलं ना, की मग कोणी हसत नाही. एक मोठे समुपदेशक आहेत, त्यांनी सांगितलंय. वीस लाख लोकांनी पाहिलंय ते."

"तिला विचारलंस?"

"त्यांचं फार अनुभवाचं बोलणं असतं."

"मी काय विचारतेय?"

चष्मेवाल्यांनी भिंग पुसायला घेतलं. आई थोडा वेळ थांबली. तिला थांबायची सवय नव्हती, पण थांबली. ते भिंग पुसतच राहिले, तेव्हा सोळा पायऱ्या चढून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला खुर्चीसमोर उभं केलं. पांढरा कोट घातला. पाय जुळवले. पायांवर अंडं म्हणून चष्म्याचं काळं घर ठेवलं. गाणं लावलं. आणि मित्रांनो, तो त्रेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याने एका आजीबाईंसाठी वीस मिनिटं थांबून तक्ता उलटा केला होता, तो आपल्या मुलीच्या अडकण्यावर डुलत डुलत माझ्याकडे चालत येऊ लागला. आपण तिच्या बाजूने आहोत असं त्याला मनापासून वाटत होतं. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं.

पहिल्या वेळी अंडं पडलं. पुन्हा. दुसऱ्या वेळी चष्मा घसरला. पुन्हा. चौथ्या वेळी सगळं छान जमत होतं, आणि दार ढकलून भिंगरी आत आली.

तिचाच आवाज दुकानभर वाजत होता. पें पें पें. आणि बाबा चालत होता.

"ये ना!" चष्मेवाले म्हणाले. हात अजून अंगाला चिकटलेलेच होते. "दोघं मिळून करू. जास्त मजा येईल."

अंडं पडलं.

भिंगरी वळली आणि पायऱ्या चढून गेली. चष्मेवाले तिच्यामागे धावले, पण पाय जुळवून उभ्या असलेल्या माणसाला एकदम धावता येत नाही. ते माझ्यावर कोसळले. माझा पाय तेव्हा मोडला. मी आपटलो, फोन घरंगळत खुर्चीखाली गेला. चष्मेवाल्यांनी आधी फोन काढून पाहिला. त्याला काही झालं नव्हतं. मग ते वर गेले. तोवर दाराला आतून कडी लागली होती.

त्या दिवसापासून भिंगरी बोलायची थांबली.

आधी वाटलं, रुसली असेल. ती चष्म्याचे नंबर लिहायच्या चिठ्ठ्यांवर लिहून द्यायची. 'उजवा डोळा' असं छापलेलं असायचं तिथे 'भूक नाही', 'डावा डोळा' तिथे 'वही संपली'. मग शाळेतही बोलेना. तोंडी परीक्षेत बाईंनी तिच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते त्यांना समजेना. आईने डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, जबरदस्ती करू नका; पण फार दिवस असंच जाऊही देऊ नका, गप्प राहायची सवय लागते.

चष्मेवाले हादरले. त्यांनी इंटरनेटवर विचारलं, मुलगी बोलत नसेल तर काय करावं? इंटरनेटला सगळं ठाऊक असतं. पहिल्याने सांगितलं, कुत्रा पाळा. दुसऱ्याने सांगितलं, डाव्या कुशीवर झोपवा. तिसरा म्हणाला, चूक जाहीरपणे मान्य करा, लोकांना खरेपणा आवडतो.

तिसरं त्यांना पटलं. मला वर घरात नेलं. मोडक्या पायाखाली तीन पुस्तकं सरकवली. चष्मेवाले भिंतीला टेकून बसले आणि माझ्याकडे बघून माफी मागू लागले. पहिल्यांदा आवाज नीट आला नाही. पुन्हा. दुसऱ्यांदा ते 'भिंगरी' म्हणाले आणि त्यांना खरंच रडू फुटलं, पण तेवढ्यात खिडकीतून ऊन आलं आणि अर्धा चेहरा काळा पडला. खिडकी लावून पुन्हा. तिसऱ्यांदा रडू येईना. ते उठले, फोनमध्ये पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "पहिली चांगली की दुसरी?"

आई दारात उभी होती. तिने माझ्या पकडीतून फोन काढला. एका हिसक्यात, रक्त काढावं तसा.

"कोणाची माफी मागतोयस?"

"तिची."

"ती पलीकडच्या खोलीत आहे. मधे एक भिंत आहे. तिथे नेटवर्क येत नाही की काय?"

"मला वाटलं, तिला आवडेल... लोकांनी पाहिलं तर..."

"लोकांनीच तर पाहिलंय," आई म्हणाली.

चष्मेवाल्यांनी तिच्या हातातून फोन घेतला. मग त्यांनी सगळे व्हिडिओ पुसून टाकले. पेंग्विन, अक्षर, सगळे. 'चष्मा कसा पुसावा'सुद्धा. आणि ते झेरॉक्सवाल्या काकांना सांगायला खाली आले, मला बगलेत मारून.

"मूळच पुसलं," ते म्हणाले. "आता गाणं पण जाईल ना?"

काकांनी यंत्राचं झाकण उघडलं, एक कागद ठेवला, दोन प्रती काढल्या. मग मूळ कागद टराटरा फाडून टोपलीत टाकला आणि प्रती चष्मेवाल्यांच्या हातात दिल्या.

"बघा बरं, फाटल्यात का?"

चष्मेवाल्यांनी त्या दोन्ही प्रती खरंच उलटसुलट करून पाहिल्या. ते पाहून काकांनाच भरून आलं. त्यांनी चहा मागवला.

माझं कोपऱ्यातलं आयुष्य तिथून सुरू झालं. माझ्यावर आधी छत्री अडकवली, मग ओला टॉवेल. एका कोळ्याने दोन पायांमध्ये जाळं विणलं. तिसऱ्या पायाचा त्यालाही भरवसा नव्हता.

महिन्याभराने भिंगरी एका दुपारी माझ्याकडे आली. हातात चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर होता. काही न बोलता तिने मला आडवं केलं, मोडक्या पायात दोन स्क्रू बसवले, वर आईच्या पिशवीतली चिकटपट्टी गुंडाळली. बाबांचे हात बघत ती वाढली होती. हलक्या हाताने काम करत होती. मग तिने मला उचललं आणि गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीत बसवलं. माझ्या रिकाम्या पकडीवर तपासणीची फ्रेम ठेवली. समोर उभी राहिली. पकड नीट निरखून पाहिली. आत काही नाही ना. आत काहीच नव्हतं.

"का... का... काय दिसतंय?" भिंगरी म्हणाली.

तिचा आवाज गंजला होता. मला सगळं दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं. भिंगरी थांबली. तिने एक भिंग उचललं आणि पुसायला लागली.

"सा-सावकाश," ती म्हणाली. "त... तक्ता कुठे पळून जात नाही."

पडद्याआड भिंगं घासायचं यंत्र चालू होतं. ते थांबलं.

पडद्याच्या फटीतून मला चष्मेवाले दिसले. ते पुतळ्यासारखे उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि त्यांचा उजवा हात, त्यांना न विचारता, खिशाकडे निघाला होता. हात खिशात गेला. फोन बाहेर आला. चव्वेचाळीस दिवसांनी मुलगी बोलत होती, मोडक्या ट्रायपॉडला चष्मा लावून. एवढं चांगलं दृश्य मी माझ्या सगळ्या कारकिर्दीत पाहिलं नव्हतं, आणि ते त्यांनाही कळत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. कोणीतरी सकाळच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या, दुपारी तीन वाजता.

भिंगरी वळली. फटीत बाबा. बाबाच्या हातात फोन. फोनचा डोळा तिच्याकडे.

त्यांनी बटण दाबलं होतं की नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण ते मी सांगणार नाही. तिच्या बाजूने दोन्ही सारखंच दिसतं.

"मी फक्त..." चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांचा शब्द अडकला. आयुष्यात पहिल्यांदा. भिंगरीने तो पुरा केला नाही. ती थांबली. शब्द आला नाही.

मग तिने मला खुर्चीतून उतरवलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. चष्मेवाले मुकाट्याने येऊन बसले. तिने त्यांच्या हातातून फोन घेतला, गल्ल्याजवळ पालथा ठेवला. त्यांच्या नाकावर ती जड फ्रेम चढवली. पेटीत दोन काळ्या चकत्या असतात, एक डोळा झाकून दुसरा तपासायला. एका वेळी एकच वापरतात. भिंगरीने दोन्ही बसवल्या.

"काही दिसत नाहीये गं," चष्मेवाले म्हणाले.

भिंगरी त्यांच्यासमोर उभी राहिली. तोंड उघडलं.

"प..."

आणि शब्द अडकला. खरा की मुद्दाम, ते मलाही कळलं नाही. त्यांना तर तिचा चेहराही दिसत नव्हता. ती समोर आहे की निघून गेली, तेही कळायचं साधन नव्हतं. पुसायला हातात भिंग नव्हतं. ते नुसते बसून राहिले, हात मांडीवर, मान जराशी कलती.

अकरा सेकंद झाले. मग आणखी अकरा. फोन पालथा असतानाच थरथरला. त्यांचा हात हलला नाही. पुन्हा थरथरला. एक गिऱ्हाईक दारात आलं. चष्मेवालेच खुर्चीत, दोन्ही डोळ्यांवर काळ्या चकत्या, समोर मुलगी तोंड उघडून उभी. ते गिऱ्हाईक चपला न वाजवता बाहेर गेलं आणि पायरीवर बसून राहिलं. काळ्या चकत्यांच्या खालून पाणी आलं आणि हनुवटीपर्यंत गेलं. पुसायला त्यांनी हात वर केला नाही. मी सेकंद मोजायचं सोडून दिलं.

"प... पुन्हा," भिंगरी म्हणाली.

चष्मेवाल्यांचा श्वास सुटला. "काय?"

"पुन्हा."

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा वाट पाहू लागले.

त्या दुपारी तिने त्यांच्याकडून सात वेळा वाट पाहून घेतली. पसंत पडली की नाही, ते सांगितलं नाही. चकत्या काढल्या, पेटीत जागच्या जागी ठेवल्या आणि वर गेली. जाताना पायरीवरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "आ-आता जा तुम्ही."

मित्रांनो, सगळं ठीक झालं असं मी म्हणालो तर माझे उरलेले दोन पायही मोडतील. भिंगरी आता बोलते. थोडं, निवडून, आणि बोलण्याआधी समोरच्याचे हात बघते. मी दुकानात जवळचं वाचायचं कार्ड धरून उभा असतो. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक खुर्चीत बसलं असताना त्याच्या खिशातून गाणं वाजलं. पें पें पें. चष्मेवाल्यांच्या हातातलं भिंग तिथेच थांबलं. कोपऱ्यात अभ्यास करणाऱ्या भिंगरीने वर पाहिलं. त्या माणसाला काही ठाऊक नव्हतं. तो बोटांनी ताल धरत होता.

"काका," भिंगरी म्हणाली. "तुमचा फ... फ... फ..."

तो माणूस हसत तिला मदत करायला निघाला होता. चष्मेवाल्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"...फोन वाजतोय," भिंगरी म्हणाली, आणि पुन्हा वहीत पाहू लागली.

जाता जाता या म्हाताऱ्याची एक विनंती ऐका. मला पडदा कधी दिसला नाही, म्हणून मला माणसं दिसली. तुम्हीही मधूनमधून माझ्या बाजूला येऊन उभे राहा, फोनच्या पाठीमागे. तिथून समोरचं मूल तेवढ्याच आकाराचं दिसतं जेवढं ते आहे. ते बोलत असेल तर पकड रिकामी ठेवा आणि थांबा. शब्द येईल. नाही आला, तर पुन्हा.